अकरा पॉइंट, दोन पोरं आणि आजींचे गुडघे

प्रश्न: आम्ही ठाण्यात राहतो. घरात मी, नवरा, आठ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय ६८). नोव्हेंबरअखेरीस एका शनिवार-रविवारी डोंगरात कुठेतरी जायचं चाललंय. नवऱ्याने महाबळेश्वरचं वेळापत्रक एक्सेलमध्ये करून ठेवलंय: शुक्रवारी ऑफिसनंतर निघायचं, दोन दिवसांत अकरा पॉइंट, शिवाय प्रतापगड आणि पाचगणी, रविवारी रात्री घरी. मुलाला घाटात गाडी लागते. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्या म्हणतात, ‘मी घरीच थांबते’, आणि मग सगळ्यांनाच वाईट वाटतं. मागच्या सहलीहून परतताना गाडीत कोणी कोणाशी बोलत नव्हतं. रजा फार तर एक मिळेल, तीही शुक्रवारची, पण त्या दिवशी मुलीची शाळा असते. महाबळेश्वरच करावं की दुसरं काही?
– एक वाचक, ठाणे

उत्तर:

तुमच्या नवऱ्याची यादी वाईट नाही. सहलीचा उत्साह असलेला नवरा ही काही तक्रारीची गोष्ट नव्हे. त्या एक्सेलमध्ये फक्त एक रकाना राहिलाय: गाडीत बसून जाणारे तास. तो भरून पाहू.

ठाण्याहून महाबळेश्वर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. शुक्रवारी ऑफिस सुटून, दोन घास खाऊन आठला गाडी काढलीत, तर नेमकी त्याच वेळी अर्धी मुंबई लोणावळ्याकडे निघालेली असते. बोरघाटात रांग, पुण्याबाहेर रांग, पुढे खंबाटकी, मग वाईपासून पसरणीचा घाट. मध्यरात्र उलटून गेल्यावर तुम्ही हॉटेलच्या दारात उभे, पोरगा खांद्यावर, आणि काउंटरवरचा माणूस झोपलेला. शनिवारी सगळे आंबलेले उठणार. रविवारी सोमवारच्या धाकाने जेवल्याजेवल्या निघायचं. म्हणजे हातात राहिला एक शनिवार आणि रविवारची सकाळ. त्यात अकरा पॉइंट, एक किल्ला आणि एक पाचगणी.

शिवाय लहान मुलांसोबत एक पॉइंट म्हणजे काय, ते यादीत दिसत नाही. गाडी लावायला जागा शोधा, झोपलेल्याला उठवा, त्याची एक चप्पल सीटखालून काढा. तेवढ्यात त्याला शू लागणार, आजी म्हणणार मी गाडीतच बसते, आणि मोठी म्हणणार मघाशी पाहिलं तसंच तर आहे हे. तिचं काही चूक नाही. केट्स पॉइंट आणि एल्फिन्स्टन पॉइंट यांतला फरक तुम्हा-आम्हाला कळतो. मुलांना दोन्हीकडे खाली दरी आणि वर मक्याचं कणीस दिसतं. मागच्या वेळी परतताना गाडीत जी शांतता होती, ती बहुधा अशाच कुठल्यातरी सातव्या-आठव्या पॉइंटवर सुरू झाली असणार.

लहान मूल आणि वयस्क माणूस दोन्ही बरोबर असतील, तर दोन दिवसांसाठी मी एवढंच पाहते: घराच्या दारापासून खोलीच्या दारापर्यंत चार तासांच्या आत पोचता आलं पाहिजे, मुक्काम एकाच ठिकाणी हवा, आणि दिवसाला मोठी गोष्ट एकच. महाबळेश्वर पहिल्याच अटीत बाद होतं. ते सोडू नका, पुढे ढकला. डिसेंबर ते मार्च स्ट्रॉबेरीचा हंगाम असतो, तेव्हा तीन मुक्काम काढून जा. मुलीला चौथीत शिवरायांचा इतिहास आला, की १६५९ सालची अफजलखानाची भेट वाचून झाल्यावर प्रतापगड दाखवा. मग तिला पायऱ्या मोजायचा कंटाळा येणार नाही.

या वेळी माथेरानला जा.

नवरा नाक मुरडेल, माहीत आहे. ‘माथेरान काय, कॉलेजात असताना दहा वेळा केलंय.’ त्याने केलंय, मुलांनी नाही. आणि तुमच्या पत्रातल्या तिन्ही अडचणींना तिथे बऱ्यापैकी उत्तर आहे.

पहिली अडचण, मुलाला गाडी लागणं. ठाण्याहून कर्जतची लोकल पकडली की नेरळ तासाभराहून थोडं अधिक. सकाळी ऑफिसची गर्दी मुंबईकडे जाते, तुम्ही उलटे जाणार, त्यामुळे बसायला जागा मिळण्याची आशा धरायला हरकत नाही. नेरळ स्टेशनबाहेरून दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सी. हा घाट चढाचा आणि वळणांचा आहे, पण वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. तेवढ्यापुरतं पोराला सांभाळायचं, सहा तास नाही.

ते कसं, हेही सांगते, कारण पुढच्या प्रत्येक घाटात उपयोगी पडेल. गाडी लागते ती पोट कच्चं म्हणून नव्हे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगत असतो की आपण वळतोय. डोळे मोबाइलवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर खिळलेले असले, तर ते सांगतात की सगळं स्थिर आहे. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही आणि मळमळ सुरू होते. म्हणून घाटात मोबाइल नको आणि चित्रांचं पुस्तकही नको. मुलाला मागच्या सीटवर मधोमध, समोरचा रस्ता दिसेल असं बसवा. पुढे ड्रायव्हरशेजारी मांडीवर घेऊन बसू नका. जोरात ब्रेक लागला तर मांडीवरचं मूल कोणाच्याच हातात राहत नाही. काच थोडी खाली. सुगंधी डबी टांगलेली असेल तर काढून ठेवायला सांगा. निघण्याआधी दूध नको, नेरळ स्टेशनवरचा वडापाव तर मुळीच नको, पण पोट रिकामंही नको. खारी किंवा कोरडी पोळी पुरे. उलटीचं औषध द्यायचं असेल तर मुलाच्या डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. मात्रा वजनावर ठरते आणि औषध प्रवासाआधी द्यायचं असतं, उलट्या सुरू झाल्यावर नव्हे. मोठ्यांची गोळी अर्धी करून देण्याची आयडिया कोणी सुचवली तर ऐकू नका.

टॅक्सी शेअरची न घेता पूर्ण करा आणि बसताबसताच सांगून टाका, ‘दादा, पोराला उलटी होते, जरा सावकाश घ्या.’ एवढं ऐकल्यावर कुठलाही टॅक्सीवाला सावकाश घेतो. सीट त्याची असते. मुलाचा एक जादा कपड्यांचा जोड आणि दोन पिशव्या हातात ठेवा, डिकीतल्या बॅगेत नाही.

दुसरी गोष्ट माथेरानची खास. दस्तुरीच्या पुढे मोटारी जात नाहीत. ई-रिक्षा आणि रुग्णवाहिका सोडल्या तर इंजिनाचं वाहन नाही. ‘बाजूला हो, गाडी येतेय’ हे वाक्य दोन दिवस तुमच्या तोंडून निघणार नाही. निघालं तर घोड्यासाठी. शहरातलं चार वर्षांचं मूल रस्त्याच्या मधोमध, कोणाचा हात न धरता, तांबड्या मातीत पाय ओढत चालतंय, हे त्याच्यासाठी कुठल्याही पॉइंटपेक्षा मोठं आहे. (कपडे जुने आणि गडद रंगाचे न्या. ती तांबडी माती मोज्यांतून कधीच निघत नाही.)

आता दस्तुरीवरची पंधरा मिनिटं. सगळ्या सहलीत तुमचं डोकं शांत लागेल ते इथे. प्रवेशाची पावती फाडली की घोडेवाले, हमाल, एजंट सगळे एकदम बोलायला लागतात. कोणी सांगेल, छोटी ट्रेन आज बंद आहे. कोणी सांगेल, चालत तुम्हाला झेपणार नाही. वाद घालू नका. थोडं चालून अमन लॉज स्टेशन गाठा आणि तिकीट खिडकीवर स्वतः विचारा. अमन लॉज ते माथेरान शटल चालते, अंतर तीनेक किलोमीटरचं, वेळ वीस मिनिटांच्या आत. जागा मोजक्या असल्याने एकाने आधी पुढे जाऊन रांगेत उभं राहायचं. हे काम तुमच्या नवऱ्याला द्या, वेळापत्रकं सांभाळण्याची त्याला हौस आहेच. शटल हुकली तर आजी आणि धाकट्यासाठी ई-रिक्षा आहे का, ते पाहा. सामानाला हमाल करा, त्याच्याशी दर आधी बोलून घ्या. चाकांच्या मोठ्या बॅगा घरी ठेवा, पाठीवरच्या घ्या.

नेरळपासूनच छोट्या ट्रेनने जावं का? मोह होतो, कारण ती गाडी आहेच देखणी. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून, जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप ही स्टेशनं घेत ती सुमारे एकवीस किलोमीटर चढते. १९०७ सालापासून ती धावते आहे, आणि मुंबईच्या पीरभॉय घराण्याने ती बांधली, हे मुलीला जरूर सांगा. पण दोन तासांहून अधिक वेळ लागतो, तिकिटं थोडी असतात, आणि पावसाळ्यात बंद झालेला नेरळ ते अमन लॉज हा मार्ग पुन्हा कधी सुरू होतो ते दरवर्षी पाहावं लागतं. चार वर्षांच्या मुलाला शटलच्या वीस मिनिटांत तेवढाच आनंद मिळतो. शिट्टी तीच आहे.

आता सासूबाई. ‘मी घरीच थांबते’ याचे दोन अर्थ असू शकतात. एक, मला यायचंय, पण माझं ओझं होईल अशी भीती वाटते. दुसरा, मला खरंच दोन दिवस माझ्या घरात, माझ्या वेळेला चहा करून शांत बसायचंय. कुठला अर्थ आहे ते जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर विचारून कळत नाही. त्यांना एकटीने गाठा आणि विचारा. दुसरा अर्थ निघाला तर तो मान्य करा, वाईट वाटून घेऊ नका.

येणार असतील तर खोली त्यांच्या गुडघ्यांना पाहून ठरवा. हॉटेलला फोन करून ‘सीनियर सिटिझनसाठी सोय आहे ना?’ असं विचारलंत तर उत्तर ‘हो मॅडम’ हेच येणार. त्याऐवजी असं विचारा: खोली तळमजल्यावर आहे का? फाटकापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती? जेवणाची जागा त्याच पातळीवर आहे की खाली उतरून जावं लागतं? कमोड आहे का, धरायला काही आहे का? त्या वाटेचा व्हिडिओ व्हॉट्सअपवर मागवा. चांगली हॉटेलं पाठवतात. गुडघेदुखी असलेल्यांना चढापेक्षा उतार जास्त छळतो, आणि डोंगरातल्या हॉटेलांना कोपऱ्याकोपऱ्यावर उतार असतात. खोली बाजारपेठेजवळची घ्या, म्हणजे शटलमधून उतरल्यावर फार चालायला नको. शांत, झाडीतलं, लांबचं रिसॉर्ट फोटोत छान दिसतं, पण प्रत्येक वेळी बाहेर पडणं हा एक कार्यक्रम होऊन बसतो. माथेरानच्या बऱ्याच हॉटेलांत जेवण धरूनच दर असतो आणि खोली सोडायच्या वेळा ज्याच्या त्याच्या, कुठे कुठे अगदी सकाळच्या. हेही आधीच विचारून ठेवा.

आणि एक गोष्ट जरा स्पष्ट बोलते. आजींना सहलीला न्यायचं ते पोरं सांभाळायला नाही. ‘आई तुम्ही खोलीवर बसा याच्यापाशी, आम्ही पटकन पॉइंट बघून येतो’ हे दिवसातून तीनदा झालं, तर त्या पुढच्या वेळी खरंच घरी थांबतील. त्यांना शार्लोट तलावाशेजारच्या पिसरनाथाला जायचं असेल तर तो एक कार्यक्रम धरा. पिसरनाथ तिथलं ग्रामदैवत आहे. जाता-येताना वाहन कुठपर्यंत जातं ते हॉटेलवर विचारून घ्या.

कार्यक्रम असा करा. रजा शुक्रवारची घ्या आणि सकाळीच निघा, म्हणजे शनिवारची झुंबड यायच्या आधी तुम्ही वर पोचून जेवून झोपलेले असाल. संध्याकाळी फक्त बाजार: चिक्की, चामड्याच्या चपला, मुलांना हवं ते लाकडी खेळणं. शनिवारी सकाळी शार्लोट तलाव आणि तिथून जवळचा इको पॉइंट. मुलांना तिथे ओरडू द्या; घरी इतर वेळी त्यासाठी ओरडाच खावा लागतो. दुपारी सक्तीची झोप, मोठ्यांनाही. संध्याकाळी घोडा.

घोड्याबद्दल दोन शब्द. दरांचा फलक पाहा. कुठपर्यंत, किती वेळ, जाऊन-येऊन की एकाच बाजूचं, हे चढायच्या आधी ठरवा. हेल्मेट मागा. लगाम घोडेवाल्याच्या हातात, घोडा चालणार, पळणार नाही. ‘काही होत नाही ताई, सवयीचा आहे’ असं तो म्हणाला तरी नाही. धाकट्याला एकटं बसवायचं मन होत नसेल, तर बसवू नका; घोड्याला हरभरे खायला घालून फोटो काढला तरी चार वर्षांच्या मुलाचा घोडा होतो.

माकडांचंही ऐकून ठेवा. माथेरानचं माकड तुमच्याकडे बघत नाही, तुमच्या हातातल्या पिशवीकडे बघतं. प्लॅस्टिक वाजलं की ते कठड्यावरून खाली उतरतं, दोन पावलं बाजूने चालतं, जणू त्याचा तुमच्याशी संबंधच नाही, आणि मग एका झटक्यात वेफरचं पाकीट त्याच्या हातात आणि पोरगा रडत. खाऊ पाठीवरच्या बॅगेत, चेन लावून. हिसकावलंच तर सोडून द्या, ओढाताण करू नका. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम साबणाने भरपूर धुऊन लगेच दवाखाना गाठा. खोलीच्या खिडक्या बंद ठेवा. आणि झाडांत नुसती माकडंच पाहू नका: मान वर करून थांबलात आणि नशीब असेल, तर शेकरू दिसेल, आपला राज्यप्राणी, तांबूस, लांबलचक शेपटीचा. मुलीला हे काम द्या. वहीत लिहून ठेवील.

कड्यावर एकच नियम: कठडा असो वा नसो, पॉइंट दिसू लागला की धाकट्याचा हात एका मोठ्या माणसाच्या हातात. कोणाच्या, ते आधी नाव घेऊन ठरवा. ‘मला वाटलं तुझ्याकडे आहे’ हे तिथे चालत नाही.

रविवारी पहाटे नवऱ्याला आणि मुलीला दोघांनाच जाऊ द्या, त्यांना हवा तो पॉइंट, हवं तेवढं चालणं. त्याची यादी त्याच्याकडून काढून घेऊ नका, तिला जागा द्या. घरातल्या प्रत्येकाने एक गोष्ट निवडायची आणि ती व्हायलाच हवी, असं सांगितलंत तर अकराच्या पाच होतात आणि कोणाचा अपमान होत नाही. त्या पाचांत तुमची एक असू द्या. पत्रात सगळ्यांच्या अडचणी आहेत, तुम्हाला काय हवंय ते कुठेच नाही. शनिवारी दुपारी एक तास एकटीने व्हरांड्यात बसायचं असेल तर तेही एक्सेलमध्ये घाला, वेळेसकट. बॅगा भरणं हाही एक रकाना करा आणि त्यात दोन नावं लिहा.

रविवारी अकराच्या सुमारास उतरायला लागा. दुपारनंतर शटलला आणि नेरळच्या टॅक्सीला सगळे एकदम येतात. आदल्या दिवशी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर, किती ते किती, तेवढं पाहून ठेवा; ठाण्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

माथेरानला मनासारखी खोली मिळालीच नाही, तर भंडारदरा. समृद्धी महामार्गाचा भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंतचा टप्पा जून २०२५मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळून बोगद्यातून इगतपुरीला निघता येतं, म्हणजे पोराचा निम्मा त्रास वाचला. १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण, त्याचा जलाशय, रतनवाडीचं अमृतेश्वराचं कोरीव देऊळ, एवढं दोन दिवसांना भरपूर. होडीत बसलात तर लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचं आहे ना ते पाहा. नवऱ्याला तिथे कळसूबाई खुणावेल. १६४६ मीटर, वाटेत लोखंडी शिड्या. त्याला एकदा मित्रांबरोबर पाठवा, पोरगा खांद्यावर घेऊन नको.

राहिला शुक्रवारच्या शाळेचा प्रश्न. परीक्षा नसेल तर बुडवा. तिसरीतल्या मुलीचा एका दिवसात बुडतो तो अभ्यास रविवारी परतताना लोकलमध्ये भरून निघतो. फक्त बाईंना चिठ्ठीत खरं कारण लिहा, ‘पोटात दुखत होतं’ असलं काही नको. सोमवारी ती वर्गात पाय ठेवल्याठेवल्या घोड्याची आणि माकडाची गोष्ट सगळ्यांना सांगणारच आहे.